यजमानाची रेघ

शिनवारकाका मैदानात कधी चप्पल घालून आले नाहीत. स्पर्धेच्या दिवशी नाही आणि एरवी गवत माजलेल्या रिकाम्या मैदानातही नाही. कडेच्या सागाखाली चपला काढायच्या, खांद्यावरचा दोर उतरवायचा, पत्र्याच्या डब्यात रेघा आखायची पांढरी फक्की भरायची आणि मग आत पाऊल टाकायचं. मी शाळेत नवी असताना एकदा विचारलं, "काका, देऊळ आहे का हे?"

"देऊळ नाय बाय. पन चप्पल असली का पायाला उतार कळत नाय."

मला वाटलं होतं, काहीतरी भक्तिभावाचं उत्तर येईल आणि ते मला वर्गात रंगवून सांगता येईल. आम्हा मराठीच्या शिक्षकांना ही एक वाईट खोड असते.

ते आमच्या शाळेचे शिपाई. तलासरी तालुक्यातली आमची शाळा महामार्गापासून बरीच आत, पाड्यांच्या मधोमध. शनिवारी जन्मले म्हणून नाव शिनवार, धाकटा भाऊ बुधवारचा म्हणून बुधा. आडनाव भावर. "निम्मा आठवडा तुमच्याच घरात आहे की," असं मी म्हणायची आणि ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. मी किनाऱ्यावरच्या झाईची. आमच्या चिकूच्या वाडीत त्यांच्यासारखी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली. शाळेत पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'बाय' म्हटलं तेव्हा एकदम घरच्यासारखं वाटलं. का वाटलं, हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि कळल्यावर फार बरं वाटलं नाही.

घंटा, टपाल, पाण्याची टाकी, कार्यालयाच्या किल्ल्या ही सगळी कामं ते करायचेच. पण तालुक्यात त्यांचं नाव होतं ते मैदान आखणारा म्हणून. दोनशे मीटरची धावपट्टी, सहा पट्ट्या, वळणाला कुठे कंगोरा नाही. बाहेरच्या पट्टीचा फेरा मोठा म्हणून तिची सुरुवात पुढे सरकवायची असते. किती पुढे, हा हिशोब आमचे खेळाचे शिक्षक दर वर्षी पुस्तकात बघायचे आणि दर वर्षी चुकायचे. काकांच्या दोराला गाठी होत्या, प्रत्येक पट्टीची एक. दोर झाईच्या एका होडीवाल्याकडून आणलेला. तो त्यांनी आधी भिजवून, दगड बांधून आठ दिवस झाडाला लटकवला होता. ताणायचा तेवढा आधीच ताणून घेतला, म्हणजे मोजताना खोटं बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्की टाकताना ते उलटे चालायचे, तोंड आखलेल्या रेघेकडे आणि पाठ पुढच्या जमिनीकडे. त्या वेळी कोणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. मुख्याध्यापकांनी मारली तरी नाही.

याच माणसाला आशियाई खेळांचं वेड होतं हे मला दोन हजार चौदा साली कळलं. मी नुकतीच रुजू झाले होते. शाळेत पेपर एक दिवस उशिरा यायचा. तो आधी मुख्याध्यापकांकडे, मग आमच्याकडे आणि सगळ्यांचं झाल्यावर काकांकडे जायचा. त्या पंधरवड्यात मात्र पेपर आमच्याकडे आला की खेळाच्या पानात एक चौकोनी भोक असायचं. पदकांचा तक्ता गायब. चोर शोधायला फार कष्ट पडले नाहीत. खेळाच्या साहित्याच्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला सगळे तक्ते भाताच्या पेजेने ओळीने चिकटवलेले होते. प्रत्येकात एकाच ओळीखाली लाल रेघ होती आणि ती भारताच्या ओळीखाली नव्हती.

"काका, आपण इथे आहोत," मी आठव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते ठाऊक हाय. पन आदी यजमान बघायचा." लाल रेघ दक्षिण कोरियाच्या नावाखाली होती. दुसरा नंबर. "ज्याच्या घरी कार्य, त्याचं काय झालं ते बघायचं. आपन तं पाव्हने."

"त्याने काय कळतं?"

"पाव्हन्याची भूक लाजते, बाय. आनि पाय बी लाजतात."

हे त्यांचं आवडतं वाक्य. खिचडीच्या रांगेत मागे राहणाऱ्या पोराला, साहेबापुढे अडखळणाऱ्या बापाला, कोणालाही ते लावायचे. वाक्याचा उगम कळला तो बऱ्याच दिवसांनी.

काका शाळेत शिकत असताना आमचा भाग ठाणे जिल्ह्यात होता आणि जिल्ह्याच्या स्पर्धा दूर ठाण्याला व्हायच्या. तालुक्यात पहिले आले म्हणून त्यांना ट्रकमधून नेलं. सकाळी तिथे पुरी-भाजीच्या पंगती बसल्या. "पोरं चमच्यानं जेवत होती. मना चमचा धरता येत नव्हता. मी बोललो, भूक नाय." पाणी कुठे मिळतं हे विचारायचं धाडस झालं नाही, कारण विचारायचं कोणत्या भाषेत हेच कळेना. आपण बोललो की लोक हसतात एवढं सकाळपासून लक्षात आलं होतं. दुपारच्या उन्हात त्यांना कोणाचे तरी बूट घालून उभं केलं. अर्ध्यापर्यंत ते पहिले होते. वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पडले. उठून पाहिलं तर तोंडात माती होती. "ती माती बी वळखीची नव्हती," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

त्यातून त्यांनी आयुष्यभराचं एक तत्त्वज्ञान काढलं होतं. पोर आपल्याच मैदानात धावलं पाहिजे. घरची भाकरी खाऊन, घरचं पाणी पिऊन. तसं एकदा जरी झालं तरी आमची पोरं कोणाला ऐकणार नाहीत. तालुक्याच्या पलीकडची स्पर्धा आमच्याकडे कधी आली नव्हती. आमची पोरं कायम पाहुणी.

दोन हजार अठराच्या पावसाळ्यात आशियाई खेळ इंडोनेशियात झाले. या वेळी काकांच्या पोरीच्या, दर्शनाच्या, हातात साधा का होईना मोबाईल होता, त्यामुळे तक्ता त्याच दिवशी कळायचा. चार वर्षांपूर्वी सतरावा आलेला इंडोनेशिया यजमान होऊन चौथा आला. काका दोन आठवडे जमिनीवर नव्हते. त्यातही, एकतीस सुवर्णांतली चौदा इंडोनेशियाने सिलाट नावाच्या, तिकडच्या झुंजीच्या, एकाच खेळात काढली हे कळल्यावर ते थेट शिक्षकांच्या खोलीत शिरले. एरवी ते दारातच उभे राहत.

"त्यांनी घरचा खेळ आनला, बाय! घरचा! बापजाद्यांचा!"

"यजमानाने खेळ निवडायचे, ही लबाडी नाही का?" मी मुद्दाम काडी टाकली.

"लबाडी कशी? लगनात तुमच्याकडे गेलो तं तुमचंच जेवन जेवतो ना?"

पुढच्याच आठवड्यात तालुक्याच्या साहेबांची भेट होती. चहा झाल्यावर साहेबांनी औपचारिकपणे विचारलं, काही सूचना आहेत का. काका कपबशा उचलत होते. ते म्हणाले, "साहेब, आपल्याकडं स्पर्धा भरवा. आनि ताडावर चढायची शर्यत ठेवा." साहेब हसले, म्हणून आम्ही सगळे हसलो. मीही हसले. काका कपबशा घेऊन निघून गेले. ताडगोळे काढायला पस्तीस-चाळीस हात वर सरसर चढणारी आमची पोरं मी रोज बघत होते, आणि तरी मी हसले.

दर्शना ही त्यांची एकुलती पोरगी. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे दहावीला सतरा वर्षांची. अंगाने काटकुळी, बोलायला कमी आणि दोनशे मीटरला कोणाला पुढे जाऊ न देणारी. काका तिला पहाटे मैदानात आणायचे आणि स्वतः सागाखाली उकिडवे बसायचे. शाबासकी कधी नाही. फार तर म्हणायचे, "वळनाला खांदा पाड." तिच्यापुढे एकच दार होतं. विभागाच्या स्पर्धेत पहिल्या दोनांत आली की सरकारी निवासी क्रीडा केंद्रात जागा मिळायची. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिथेच. आधीची दोन वर्षं ती दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन चौथी आणि पाचवी आली होती. वयाच्या अटीत बसायचं तर हे शेवटचं वर्ष.

एक प्रसंग इथेच सांगायला हवा. भातलावणी झाल्यावर त्यांच्या पाड्यातली माणसं ओढ्यात मिळून मासे धरतात. एकदा त्यांनी मला बोलावलं होतं. धरलेली मासळी सागाच्या पानांवर वाटे घालून ठेवायची, घराला एक वाटा. त्या दिवशी वाटे काकांनी घातले. सगळ्यांनी आपापलं पान उचललं आणि राहिलेलं शेवटचं काकांनी घेतलं. त्यात चार बोटभर मासे होते, इतरांच्यात आठ-दहा.

"काका, मोजता येत नाही का तुम्हाला?"

"वाटे घालनाऱ्याचा वाटा भरलेला दिसला का लोकांच्या डोळ्यात येतो, बाय. आमच्यात तसंच हाय. जो वाटतो, त्यानं कमी घ्यायचं."

दर्शना शेजारीच उभी होती. तिने ते पान निमूटपणे घरात नेलं. मला ही रीत फार थोर वाटली होती. घरी येऊन मी ती वहीत लिहूनही ठेवली.

आणि त्या वर्षी खरंच विभागाच्या स्पर्धा आमच्याकडे आल्या. कशा आल्या, तर दुसऱ्या कोणी घेतल्या नाहीत म्हणून. त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले होते. दर दोन दिवसांनी भिंती थरथरायच्या, माणसं अंगणात ताडपत्र्या टाकून राहायची. अशा ठिकाणी स्पर्धा कोण भरवणार? पण तारखा ठरल्या होत्या, आधीच्या यजमानांनी हात वर केले होते आणि आमच्या मुख्याध्यापकांना नाही म्हणता येत नव्हतं. काकांना मी बातमी सांगितली तेव्हा ते टाकीत क्लोरीन टाकत होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि हात पुसत पुसत मैदानाकडे बघत राहिले. "आता जमीन आपली," एवढंच म्हणाले. जमीन आपली म्हणे! ती तेव्हा पायाखाली रोज हलत होती.

यजमान म्हणजे काय, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. पाहुण्या शाळांच्या पोरांना वर्गखोल्या दिल्या, आमची पोरं मंडपात. पाहुण्यांना आधी जेवण, आमची पंगत शेवटची. हे कोणी लेखी ठरवलं नव्हतं, आमच्या पोरांनाही त्यात काही गैर वाटलं नाही. घरी कार्य असलं की घरची माणसं मागाहून जेवतात. उद्‌घाटनाला पाड्यांवरचा तारपा नाच हवा असं वरून आलं. नाचात कोण? आमचीच पोरं. दर्शनाला पहिल्या रांगेत मीच घातलं, कारण सांस्कृतिक विभाग माझ्याकडे होता आणि ती छान नाचायची. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर ती पोरं लुगडी नेसून उन्हात उभी. मग नाच, मग हारतुरे, मग पाण्याचे ग्लास फिरवायचे आणि मग धावायचं. मी हे सगळं पाहत होते आणि घड्याळाकडे बघून कार्यक्रम पुढे ढकलत होते.

तरी प्राथमिक फेरीत ती पहिली आली. सहज. काका मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारी उभा असलेला एका पाहुण्या शाळेचा शिक्षक आपल्या सोबत्याला म्हणाला, आणि हळू म्हणाला असंही नाही, "बापानेच मैदान आखलंय म्हणे. मग पोरगी जिंकणारच की!" सोबती म्हणाला, "घरचंच माप!" दोघे हसले. त्यात विष असं काही नव्हतं, स्पर्धेत माणसं बोलतात तसं ते बोलले. पण काका चार पावलांवर होते. उजेड गेला. ते खाली बघायला लागले.

दुपारी प्रमुख पाहुण्यांच्या गाड्या मैदानातूनच परत गेल्या आणि चाकांखाली सुरुवातीच्या रेघा पुसल्या गेल्या. अंतिम फेरीसाठी त्या नव्याने आखायच्या होत्या. पट्ट्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या, दर्शनाला चौथी पट्टी आली होती. पंच जेवत होते, खेळाचे शिक्षक पाहुण्यांच्या पानात जिलबी वाढत होते. मैदानात काका एकटे दोर घेऊन वाकलेले. जेवलात का, असं मी मंडपातून ओरडून विचारलं. त्यांनी ओ दिली नाही. मला वाटलं, नेहमीचंच.

शर्यत अर्ध्या मिनिटाचीही नसते. वळणाला तिने खांदा पाडला, सरळ पट्टीत तिघी एका ओळीत आल्या. मी शेवटच्या दोरीपाशी होते. पहिली वाणगावकडची, दुसरी जव्हारकडची आणि दर्शना तिसरी, फार तर वीतभर मागे. ती दोरीपलीकडे जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. रडली नाही. मग दुसरी आलेल्या मुलीला पाणी दिलं, कारण पाण्याचं काम आमच्या शाळेकडे होतं.

दोन दिवसांच्या त्या स्पर्धेत यजमान शाळेला एकही सुवर्ण मिळालं नाही. एक रौप्य, तीन कांस्य. निरोपाच्या भाषणात आमच्या आदरातिथ्याचं फार कौतुक झालं.

स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रमाणपत्रांची खोकी घ्यायला गेले. मैदानभर पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास उडत होते. काका चौथ्या पट्टीच्या सुरुवातीला बसले होते. जवळ खेळाच्या खोलीतली मोजपट्टी होती. "बाय, जरा टोक धरा," ते म्हणाले. मी धरलं. त्यांनी एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. मग रेघेच्या पुढे जमिनीवर कोपरापासून हात आडवा ठेवला, आणि बोटांच्या पुढे आणखी दोन बोटं.

"रेघ एवढी मागं हाय," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "एक हात मी जानून घातला. ही दोन बोटं कशी गेली, ठाऊक नाय."

मला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. वयाने वडिलांएवढ्या माणसावर मी तोंडाला येईल ते बोलले. पोरीचं वाटोळं केलंत, असंही म्हणाले. ते मोजपट्टी गुंडाळत राहिले.

"लोक बोलले, घरचं माप. मना वाटलं, हातभर मागं ठेवला तं कोनी बोलनार नाय. आनि ती काढेल. ती रोजच काढते." मग रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरीच्या रेघेला माझा हात थरथरला नसता, बाय."

तो वाटे घालणारा माणूस, सागाच्या पानावरचे ते चार मासे, सगळं मला तेव्हा आठवलं आणि त्या थोर रितीची मला शिसारी आली. साऱ्या जगात यजमान आपल्या पोरांसाठी जमीन झुकवतो, खेळ निवडतो, टाळ्या वाजवतो. आमचा यजमान आपल्याच पोरीची रेघ मागे ओढतो, कारण त्याला आयुष्यभर एवढंच शिकवलेलं असतं की आपल्या वाट्याला जास्त आलं तर ते चोरीचं दिसेल. कोणी शिकवलं? आम्हीच. आमच्या वाड्यांच्या कुंपणांनी शिकवलं.

मी तिथल्या तिथे म्हटलं, अर्ज करू. मोजमाप चुकलं होतं, शर्यत पुन्हा घ्या. काकांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. "नका, बाय. लिवलंत तं त्या दोन पोरींचं बी जाईल. वाणगावच्या पोरीचा बाप मी बघितला. पायात चप्पल नव्हती त्याच्या. आनि बोलतील, शिपायानं माप मारलं. मंग या शाळेत परत कोन स्पर्धा देईल?"

मी तरी घरी जाऊन अर्ज लिहिला. चांगला लिहिला, मराठीची शिक्षिका आहे मी. मुदत आठ दिवसांची होती. रोज सकाळी तो पिशवीत टाकायची आणि रोज संध्याकाळी पिशवीतच परत आणायची. कधी वाटायचं, काकांचं ऐकावं. कधी वाटायचं, त्यांना विचारायचंच कशाला. खरं सांगायचं तर मला चौकशी नको होती. नाचात तिला कोणी उभं केलं, कार्यक्रम कोणी पुढे ढकलला, पंच कुठे होते, मैदान शिपायावर कोणी सोडलं, हे सगळं निघालं असतं आणि त्यात माझं नाव दोनदा आलं असतं. नवव्या दिवशी मी अर्ज फाडला. दर्शनाने दहावीची परीक्षा दिली, पुढे पासही झाली, पण निकालाआधीच मे महिन्यात गुजरातच्या हद्दीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी सहाला जीप न्यायची, संध्याकाळी सातला आणून सोडायची.

काका नंतरही मैदान आखत राहिले. पण बोलणं आटलं. कपाटाच्या दारावरचे तक्ते मी एकदा बघायला गेले तर दार ओल्या फडक्याने पुसून साफ केलेलं. पेजेचे डाग तेवढे राहिले होते.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये माझी बदली झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात मी महामार्गाच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत होते आणि कंपनीच्या जीपमधून दर्शना उतरली. केसांना पुठ्ठ्याचा भुसा लागलेला. मला बघून हसली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग माझ्याकडून राहवलं नाही. मी म्हटलं, "दर्शना, त्या दिवशी तू हरली नाहीस गं."

ती लगेच म्हणाली, "ठाऊक आहे, बाई."

"काय ठाऊक आहे?"

"रेघ मागे होती. उभी राहिले तेव्हाच कळलं. त्या मैदानात मी रोज पळायचे. कुठली पट्टी कुठून सुरू होते ते पायाला पाठ आहे."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? पंचांनी विचारलं असतं, कोणी आखलं. माईकवर विचारलं असतं, एवढ्या पाहुण्यांपुढे. बा तिथेच उभा होता." तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि मला वाटलं, हातभर तर आहे. तेवढं मी काढीन. नाही निघालं." निघताना म्हणाली, "बाला सांगू नका. त्याला वाटतं मला माहीत नाही."

शेवटच्या दिवशी काका माझं सामान घेऊन नाक्यापर्यंत आले. सामान म्हणजे एक बॅग आणि पुस्तकांची दोन खोकी. मी नको नको म्हणत असताना त्यांनी ती दोन खेपा घालून आणली. संध्याकाळची वेळ होती. रिक्षा ठरवून दिली, भाड्यासाठी रिक्षावाल्याशी माझ्या वतीने भांडले. सामान चढवून झालं तरी जाईनात. खांबाला टेकून उभे राहिले.

"बाय, एक विचारायचं हाय."

"विचारा ना."

"तिला सांगू का मी? रोज वाटतं, आज सांगू. मंग ती दमून येते. तुमी शिकलेल्या. तुमाला कळंल."

मला काय कळत होतं? सांगा म्हटलं आणि त्यांनी सांगितलं, तर ती म्हणाली असती, 'मला ठाऊक होतं.' मग या माणसाला कळलं असतं की त्याची पोरगी सगळं बघूनही त्या रेघेवर उभी राहिली, केवळ त्याची लाज राखायला. ते त्याने कसं सोसलं असतं? सांगू नका म्हटलं तर दोघांनीही हे असंच आयुष्यभर पोटात ठेवून एका घरात जेवायचं.

"नको, काका," मी म्हटलं. "नका सांगू."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी मान हलवली, जशी मुख्याध्यापकांनी काम सांगितल्यावर हलवायचे.

रिक्षा सुरू झाली तेवढ्यात समोरून कंपनीची जीप आली आणि दर्शना उतरली. काकांना बघून ती धावत रस्ता ओलांडून आली. मला दोघांनी हात केला. मग तिने त्यांना काहीतरी सांगितलं, कंपनीतलं असेल काही, आणि काका मोठ्याने हसले. तीही हसली. ते पाड्याच्या वाटेला लागेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. दोघं हसतच होते.